जुनी मार्टिनी आणि बाराची एकनळी : पावसाळ्याआधी काय करायचं, कोणत्या क्रमानं

खंडेनवमीला बंदूक खाली काढायची, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, वरून तेलाचा हात फिरवायचा आणि परत खोळीत घालून माळ्यावर. आमच्या बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात बऱ्याच घरांत परवान्याच्या बंदुकीची देखभाल ती एवढीच. पुढच्या वर्षी नळीतून तांबूस पूड निघते आणि बोल लागतो पावसाला. कणकुंबीचा पाऊस तसा आहेच. पण नळी खाणारी गोष्ट बहुतेक वेळा नळीच्या आतच बसलेली असते, आणि आपण तेल ओतून तिच्यावर पांघरूण घालतो. चूक तेलात नाही, क्रमात आहे.

पुढचं सगळं दोन हत्यारांसाठी आहे. एक, खालच्या लिव्हरनं उघडणारी मार्टिनी घाटाची एकगोळी रायफल, ५७७/४५० काडतुसाची. जुन्या वाड्यांतून आलेली अशी एखादी कुठं कुठं अजून आहे. दुसरी, मध्ये मोडून उघडणारी बारा बोअरची एकनळी, शेतराखणीच्या परवान्यावरची. ठासणीच्या बंदुकीचं तंत्र वेगळं, तिला इथलं नळी धुणं तेवढं लागू. ती भरलेली आहे की नाही हे उघडून दिसत नाही, हे मात्र विसरू नका.

शिकारीबद्दल यात काही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती बंद आहे. शेतराखणीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे, त्याला वनखात्याचा वेगळा लेखी हुकूम लागतो.

पायरी १ : आधी कागद, मग बंदूक

परवाना समोर ठेवा आणि तीन गोष्टी बोट लावून वाचा: मुदत, बंदुकीचा नंबर, बोअर (नळीच्या भोकाचं माप). २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. वडिलोपार्जित असलं तरी तिसरं चालत नाही.

आजोबांच्या नावावरची बंदूक आजोबा गेल्यावर आपोआप आपली होत नाही. त्या दिवसापासून ती बिनपरवान्याची, म्हणून ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडं जमा करून पावती घ्यायची आणि मग वारस म्हणून अर्ज करायचा. बिनपरवाना हत्यार बाळगण्याची शिक्षा आता दोन वर्षांपासून सुरू होते. आजोबा हयात असतील तर वाट बघत बसू नका. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडं राहिली, की तो स्वतः वारस सुचवू शकतो. एक बहीण चंदगडला, एक भाऊ कोल्हापुरात, अशा घरांत मागाहून संमतीपत्रं गोळा करताना जो जीव जातो तो वाचतो. आणि नाव! आधारवर मराठी वळणाचं, उताऱ्यावर कन्नड वळणाचं, परवान्यावर जुन्या कारकुनाच्या इंग्रजी स्पेलिंगचं. तिन्ही जुळतात का ते अर्जाआधी बघा, फाइल परत आल्यावर नव्हे.

इशारा : "काडतूसच मिळत नाही, मग परवाना कशाला?" हे कायद्याला चालत नाही. सूट आहे ती पुरातन, जुनाट किंवा मोडक्या हत्याराला, तीही दुरुस्त करूनसुद्धा उडणार नाही अशाच. तुमची मार्टिनी त्यात बसते का, हे कचेरी ठरवते. कोडगूवाल्यांना (कूर्गच्या लोकांना) परवान्यातून सवलत आहे म्हणून कुणी सांगेल. ती त्यांना, आपल्याला नाही.

इशारा : परवाना कर्नाटकापुरता असेल तर बंदूक घेऊन कोगनोळी नाका किंवा बाचीच्या पुढचं शिनोळी, म्हणजे महाराष्ट्राची हद्द, ओलांडू नका. कोल्हापूरचा कारागीर चांगला असेल, जवळही असेल, पण नाक्यापलीकडं तुमचा कागद कोरा. परवान्यावर कोणता प्रदेश लिहिला आहे ते आधी वाचा. गावच्या लोहाराकडं तर नकोच, हत्यार दुरुस्त करायलासुद्धा परवाना लागतो.

पायरी २ : रिकामी आहे हे स्वतः बघा

पोरंटोरं बाहेर. काडतुसं दुसऱ्या खोलीत. नळीचं तोंड मातीच्या भिंतीकडं किंवा पोत्याकडं.

एकनळी मोडून घराकडं (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) बघायचं, सोपं आहे. फसवते ती मार्टिनी. तिला बाहेर घोडाच नाही, म्हणून "चढलेली नाही", म्हणजे चाप ओढला तरी वाजणार नाही, असं वाटतं. लिव्हर खाली केला की ब्लॉकचं (घर मागून बंद करणाऱ्या लोखंडी ठोकळ्याचं) तोंड खाली झुकतं, घर उघडतं आणि त्याच हालचालीत आतला स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आपटणारा खिळा, चढतो. लिव्हर परत वर आणला म्हणजे बंदूक चढलेली आणि बंद. बॉडीच्या उजव्या अंगाला थेंबाच्या आकाराचा एक काटा असतो, चढली की तो फिरतो. तो कुठं असला की चढलेली, हे आपल्या बंदुकीवर एकदा नीट बघून लक्षात ठेवा.

तपासा : लिव्हर पूर्ण खाली. करंगळी घरात घालून बघा. मग टॉर्चनं बघा. बोट आणि डोळा, दोन्ही. हे झाल्याशिवाय पुढची पायरी नाही, आणि मध्येच चहाला उठलात तर परत पहिल्यापासून.

रिकाम्या बंदुकीचा चाप "खट् खट्" ओढायची सवय सोडा. स्ट्रायकरचं टोक तुटतं आणि जुन्या मार्टिनीचं टोक बाजारात मिळत नाही. चाप सोडायचाच असेल तर वाजलेल्या काडतुसाचं रिकामं केस (टरफल) घरात ठेवून सोडा.

पायरी ३ : हातात काय आहे ते ओळखा

मार्टिनीच्या उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली व्ही. आर. (राणी व्हिक्टोरियाची अक्षरं), कारखान्याचं नाव, वर्ष आणि रोमन आकड्यात मार्क, म्हणजे नमुन्याचा क्रमांक, असतो. अक्षरं वाकडीतिकडी, इंग्रजी एन उलटा कोरलेला असं काही दिसलं तर ती वायव्य सरहद्दीच्या (खैबरकडच्या) डोंगरात हातानं घडवलेली नक्कल. भिंतीवर शोभेल, वाजवायची नाही.

जुन्या मार्टिनींच्या नळ्या मागाहून बदललेल्या असतात, त्यामुळं परवान्यावर एक आणि नळीत दुसरंच, हे होतं. घरगुती अंदाज असा: साधी पेन्सिल तोंडात जेमतेम बसली तर ती ३०३ जातीची असू शकते, ते भोक ७.७ मिलिमीटरचं. चारशे पन्नासचं भोक ११.४ मिलिमीटर, पेन्सिल आत मोकळी हलते. बाराचं साडेअठराच्या आसपास. ३०३ च्या आणि ४१० मस्केटच्या बोअरचे नियम कडक आहेत. तसा संशय आला तर हात थांबवा आणि परवाना देणाऱ्या कचेरीत विचारा. ४१० आणि ४५० पेन्सिलनं वेगळे कळत नाहीत, तिथं व्हर्नियरच (बारीक माप घ्यायचं साधन) लागतो.

एकनळीच्या नळीखालच्या खुणा बघायला लाकडी पुढचा भाग काढून नळी वेगळी करा. इंग्रजी नळीवर एन. पी. किंवा बी. एन. पी. असेल तर ती बिनधुराच्या दारूला तपासलेली. तशी खूण नसेल, किंवा नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असेल, तर ती काळ्या दारूच्या जमान्यातली समजा. आजचं काडतूस तिच्यात घालायचं नाही. ५७७/४५० चंही तेच, ते काळ्या दारूचंच काडतूस.

आता सगळ्यात जास्त लोक जिथं फसतात ते. जुन्या एकनळ्यांचं घर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. बाजारातलं काडतूस ७० चं. ते घरात घातलं की छान बसतं, बंदूक बंदही होते, आणि माणूस म्हणतो, "बसलं की!" बसणारच. ७० हा आकडा वाजल्यानंतर उलगडलेल्या केसचा, भरलेलं काडतूस दुमडलेलं असल्यानं आखूडच दिसतं. वाजताना ती दुमड उलगडायला पुढं जागा मिळत नाही, तोंड आवळलं जातं आणि दाब वाढतो. एकदा काही होत नाही, दहादा होत नाही. दरम्यान सांधा ढिला होत जातो. म्हणून घराची लांबी कारागिराकडून मोजून घ्या आणि परवान्याच्या झेरॉक्सवर पेन्सिलनं लिहून ठेवा.

पायरी ४ : नळी — पाणी आधी, तेल शेवटी

कारण कळलं तर क्रम चुकत नाही. जुन्या काडतुसांच्या टोपीत (बुडाशी ठिणगी पाडणारी ती) पोटॅशियम क्लोरेट असायचं. जळल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराइड उरतं, आपल्या मिठाचा चुलतभाऊ. काळ्या दारूची काजळीही हवेतली ओल ओढते. फोडणीच्या तेलात मीठ टाकून बघा, तळाशी जसंच्या तसं बसतं. नळीतही तेच होतं. तेलानं मीठ विरघळत नाही, पाण्यानं विरघळतं. वीस वर्षं वाजलेली नसली तरी जुनं मीठ आत असू शकतं, म्हणून एकदा तरी ही पायरी सगळ्यांनी करायची.

सामान: पितळी किंवा लाकडी गज, ब्राँझचा ब्रश, जुन्या धोतराच्या सुती चिंध्या, किटलीभर उकळतं पाणी, शिवणयंत्राचं किंवा बंदुकीचं पातळ तेल. लोखंडी सळई नको. काचपेपर नको, आणि ड्रिल मशीनला काचपेपर गुंडाळून नळी "चकाचक" करणं तर अजिबात नको. तशी एक नळी मी बघितली आहे. आरशासारखी चमकत होती आणि आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) गायब.

एकनळी सोपी. नळी वेगळी करा, तोंड बादलीत टेकवा, घराच्या बाजूनं नरसाळ्यातून गरम पाणी ओता. नळी हाताला चटका लागण्याइतकी तापली पाहिजे, तापलेली नळी आतून आपोआप वाळते. दोन किटल्या पुरतात.

मार्टिनीला हे चालत नाही. मागून गज सरळ जात नाही, बॉडी आडवी येते. साफसफाई तोंडाकडूनच करावी लागते आणि घाण यंत्रात पडायची भीती असते. म्हणून:

१. लिव्हर खाली करून उघड्या यंत्रात सुती कापड दाबून भरा.

२. बंदूक टेबलावर अशी टेकवा की नळीचं तोंड दस्त्यापेक्षा (मागच्या लाकडापेक्षा) खाली राहील. पाणी बाहेर ओघळलं पाहिजे, आत नाही.

३. चिंधी उकळत्या पाण्यात बुडवून पिळा. ठिबकणारी नको. तोंडात बोटानं दाबल्यावर ती अडखळत आत गेली पाहिजे. सरकली तर लहान आहे, ठोकावी लागली तर मोठी.

४. तोंडाशी गज दोन बोटांच्या चिमटीत धरा, म्हणजे तो कडेला घासणार नाही. तोंडाची कड झिजली की रायफलचा नेम गेला, बाकी नळी कितीही चांगली असो.

५. प्रत्येक फेरीला नवी चिंधी. पहिली काळी, तिसरी करडी, सहावीच्या आसपास जवळपास पांढरी. काळेपणा हटत नसेल तर ब्राँझचा ब्रश दहा-बारा वेळा फिरवून परत ओल्या चिंध्या. ब्रश नळीच्या मध्ये उलटा फिरवू नका, पूर्ण बाहेर काढून मग मागं घ्या.

६. कोरड्या चिंध्या, शेवटची अगदी कोरडी निघेपर्यंत. मग यंत्रातलं कापड काढून बंदूक उन्हात अर्धा तास, समोर बसून. चुलीजवळ नाही.

७. आता तेल. चिंधीला चार थेंब. नळी ओली दिसायला नको, नुसती तुकतुकीत.

तपासा : यंत्र उघडं असताना घराच्या मागं अंगठ्याचं नख उजेडाकडं धरून तोंडाकडून आत बघा. नखावरून परतलेला उजेड आत जातो आणि आटे गोल गोल दिसतात. मार्टिनीत अंगठा पोचत नसेल तर पांढऱ्या कागदाचा कपटा ठेवा. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे, ते जात नाहीत, वाढू मात्र द्यायचे नाहीत. चमकदार करड्या रेघा म्हणजे शिसं, त्याला ब्रश आणि दम, दोन्ही लागतात.

तपासा, दुसऱ्या दिवशी : कोरडी चिंधी एकदा फिरवा. तांबूस निघाली तर मीठ राहिलं आहे, पायरी ४ परत पहिल्यापासून. आठ दिवसांनी पुन्हा बघा. लोक चुकतात ते इथंच. पहिल्या दिवशी सगळ्यांची नळी स्वच्छ दिसते.

पायरी ५ : यंत्र

मार्टिनीचा ब्लॉक घरी काढू नका. आत दाबलेली स्प्रिंग असते आणि मागची पिन ठोकताना बॉडीला पोचे पडतात. टूथब्रशनं धूळ काढा, ब्लॉकच्या खिळीला, लिव्हरच्या सांध्याला आणि चापाला एकेक थेंब तेल. बस.

खोबरेल कधीच नाही. डिसेंबरात बेळगावला बाटलीतलं खोबरेल गोठतं तसंच ते यंत्रात गोठतं, उन्हाळ्यात चिकट होऊन धूळ धरतं. करडईचं, शेंगदाण्याचं तेलही वाळून लाखेसारखं होतं. ते आधीच कुणी घातलं असेल तर रॉकेलनं पुसून काढा, मग पातळ तेल.

एकनळीचा सांधा असा बघा: पुढचं लाकूड काढून बंदूक बंद करा, नळी एका हातात, दस्ता दुसऱ्या हातात, हलकेच हलवा. खुळखुळ वाजली तर ती वाजवायच्या लायकीची नाही. नुसती शंका असेल तर वहीच्या कागदाची पट्टी सांध्यात ठेवून बंदूक बंद करा, पट्टी सहज ओढून निघाली तर कारागीर गाठा.

पायरी ६ : दस्ता

लाकडाला जवसाचं तेल, तळहातानं चोळून, अगदी थोडं. यंत्राच्या लगेच मागं जिथं दस्ता बारीक होतो तिथं केसासारखी चीर आहे का बघा. फेव्हिकॉल आणि तार गुंडाळून ती झाकू नका, धक्का बसतो तो तिथंच.

पायरी ७ : ठेवायची कशी

पहिले दोन दिवस नळीचं तोंड खाली, दस्ता वर, तोंडाखाली चिंधी. तोंड वर करून ठेवली तर जास्तीचं तेल उतरून दस्त्यात मुरतं आणि लाकूड भुसभुशीत होतं. जुन्या दस्त्यांचा यंत्राजवळचा भाग काळा पडलेला असतो तो यामुळंच.

चामड्याची किंवा रेक्झिनची खोळ फक्त नेण्या-आणण्यापुरती. पावसाळाभर खोळीत ठेवलेली बंदूक म्हणजे ओल्या गोधडीत गुंडाळलेला विळा. भाताच्या कणगीत लपवू नका, तुसाला ओल असते. चुलीवरचा माळा कोरडा असतो हे खरं, पण धुरानं नळीवर काळा थर बसतो आणि त्याखाली गंज. कुलपाचं लोखंडी कपाट, आत तेलाचा हात फिरवलेलं सुती कापड आणि सिलिका जेलची पुडी. निळा जेल गुलाबी झाला की बदला. चुनकळी ठेवू नका.

आमगाव, कणकुंबी, जांबोटीकडं जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी उघडून बघा. चिकोडी-निपाणीकडं महिन्यानं बघितलं तरी चालतं.

इशारा : खंडेनवमीचं हळदकुंकू आणि नारळाचं पाणी. माझ्या बंदुकीच्या नळीवर करंगळीएवढा तांबडा डाग आहे, तो आईनं लावलेल्या कुंकवाचा. पाचही बोटं उमटली असती तर निदान शोभा तरी आली असती! टिळा दस्त्यावर लावा, नारळ लांब फोडा आणि त्याच संध्याकाळी नळी पुसून घ्या. देवी रागावत नाही.

पायरी ८ : काडतुसं

वेगळ्या कुलपात, वेगळ्या डब्यात. जुनी कागदी काडतुसं ओलीनं फुगतात. फुगलेलं काडतूस ढकलून बसवू नका, घासूनही बारीक करू नका. पितळेवर हिरवट बुरशी, टोपी आत गेलेली, केसला चीर, यातलं काही दिसलं तर ते बाद. बाद म्हणजे उन्हात वाळवायचं नाही, फोडून दारू काढायची नाही, विहिरीत टाकायचं नाही. परवान्यावर नोंद बघून दुकानदाराकडं किंवा ठाण्यात लेखी जमा करा.

पायरी ९ : निवडणुकीला जमा करताना

आचारसंहिता लागली की ठाण्यातून निरोप येतोच. तिथं बंदूक दोन-तीन महिने भिंतीला टेकून उभी असते, कधी दोनशे बंदुकांच्या रांगेत. म्हणून देण्याआधी पायरी ४ चं तेल नेहमीपेक्षा थोडं जास्त द्या. खोळीशिवाय द्या. दस्त्याला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा: नाव, गाव, परवाना नंबर, बंदुकीचा नंबर, कन्नडमध्ये आणि मराठीत. पावतीवर नंबर पूर्ण लिहून घ्या. "एकनळी, जुनी" एवढ्यावर सही करू नका.

परत आणताना टेबलापाशीच उघडा. नंबर पावतीशी एक एक आकडा लावून वाचा, घर रिकामं आहे बघा, खिशातली कोरडी चिंधी नळीतून एकदा फिरवा. साहेब घाई करतील, मागचे लोक कुरकुरतील, करू देत. मागच्या खेपेला एका ठाण्यात माझ्या हाती आलेली एकनळी हुबेहूब माझीच वाटत होती, दस्त्याचा रंगही तोच. नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटे होते. माझी बंदूक तोवर शेजारच्या गावच्या पाटलांच्या जीपमध्ये बसून निम्म्या वाटेवर पोचली होती.